नेसरीची तीन बिले आणि पुण्याचा महासंगणक



नेसरी हे नाव तुम्ही इतिहासाच्या पुस्तकात वाचले असेल. २४ फेब्रुवारी १६७४ रोजी सरसेनापती प्रतापराव गुजर आणि त्यांचे सहा साथीदार याच परिसरात बहलोलखानाच्या फौजेवर तुटून पडले. कोल्हापूर जिल्ह्यातल्या गडहिंग्लज तालुक्यातील या गावी आलेला पाहुणा आधी त्यांच्या स्मारकाकडे जातो. मी मात्र आज तुम्हांला स्मारकाकडून बाजारपेठेत आणि तेथून एका किराणा दुकानात नेणार आहे. दुकानदार हिशेबात पक्का, पण लिहिण्याचा कंटाळा फार! चिठ्ठीवर मालाचे वजन लिहितो आणि खाली एकूण रक्कम. दर काही लिहीत नाही.

समजा, तीन गिऱ्हाइकांनी गूळ, शेंगदाणे आणि तांदूळ नेले. पहिल्या घरी १ किलो गूळ, १ किलो शेंगदाणे आणि ४ किलो तांदूळ गेले. बिल झाले ३५० रुपये. दुसऱ्या घरी २ किलो गूळ, ३ किलो शेंगदाणे, १० किलो तांदूळ. बिल ९१० रुपये. तिसरे गिऱ्हाईक म्हणजे एक खानावळ. तिने ३ किलो गूळ, ७ किलो शेंगदाणे आणि २२ किलो तांदूळ नेले. बिल १९८० रुपये. आता प्रत्येक जिनसाचा दर काढा पाहू!

दरांना ग, श आणि त म्हणू. आपल्या भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात ‘बीजगणित’ लिहिले, तेव्हा अज्ञात संख्यांना यावत्तावत्, कालक, नीलक, पीतक अशी नावे घेतली; म्हणजे पहिले नाव सोडले तर रंगांचीच. एकाहून अधिक अज्ञातांच्या प्रकरणाचे नावच मुळी ‘अनेकवर्ण समीकरण’. आपण रंगांऐवजी मालाची आद्याक्षरे घेऊ.

१ग + १श + ४त = ३५०
२ग + ३श + १०त = ९१०
३ग + ७श + २२त = १९८०

अशी समीकरणे सोडवण्याची रीत तुम्हांला ठाऊक आहेच. एकेका अज्ञाताचा लोप करत जायचे. पहिल्या समीकरणाची २ पट दुसऱ्यातून वजा केली, की दुसऱ्यातला ग जातो. पहिल्याचीच ३ पट तिसऱ्यातून वजा केली, की तिसऱ्यातलाही ग जातो. उरले काय?

श + २त = २१०
४श + १०त = ९३०

आता यांतल्या पहिल्याची ४ पट दुसऱ्यातून वजा करा. २त = ९० राहते. म्हणजे तांदूळ ४५ रुपये किलो. एक पायरी वर चढा: श = २१० − ९० = १२०. आणखी एक पायरी: ग = ३५० − १२० − १८० = ५०. झाले गणित!

पण खरी गोष्ट येथून सुरू होते. हे गणित मी एकदा वर्गात घातले आणि लगेच दुसरे दिले. पुढच्या बाजारी त्याच तिघांनी तेवढाच माल नेला. पण दर बदलले होते आणि बिले झाली ३५७, ९२० आणि १९९१ रुपये. मुले मुकाट्याने वहीचे नवे पान उघडून पहिल्यापासून वजाबाक्या करू लागली. मागच्या बाकावरची एक मुलगी मात्र लिहीना. विचारले, तर म्हणाली, “सर, डावी बाजू तीच आहे. मग डाव्या बाजूची आकडेमोड परत कशाला करायची?”

प्रश्न अगदी बरोबर आहे आणि त्याच्या उत्तरावर आजच्या जगातली अफाट आकडेमोड उभी आहे. ते उत्तर आता आपण सावकाश पाहू.

डाव्या बाजूच्या नऊ संख्या चौकटीत मांडा:

१  १  ४
२  ३  १०
३  ७  २२

अशा चौकटीला गणितात सारणी म्हणतात. काही पुस्तकांत आव्यूह हे नाव आढळेल. कॉलेजात तर सर्रास मॅट्रिक्स. आपण या सारणीला ‘अ’ म्हणू. लोप करून झाल्यावर डाव्या बाजूला जी चौकट उरली, ती अशी:

१  १  ४
०  १  २
०  ०  २

डाव्या वरच्या कोपऱ्यापासून उजव्या खालच्या कोपऱ्यापर्यंत जाणाऱ्या तिरप्या रेषेच्या खाली सगळी शून्ये, आणि संख्या फक्त रेषेवर व तिच्या वर. ही वरची त्रिकोणी सारणी; तिला ‘व’ म्हणू. हिच्यामुळेच शेवटची उत्तरे इतकी झटपट निघाली.

आता सांगा, लोप करताना आपण कोणकोणत्या पटी वापरल्या? दुसऱ्या ओळीसाठी २, तिसऱ्या ओळीसाठी ३ आणि नंतर ४. हे तीन आकडे आपण कच्च्या कागदावर लिहितो आणि कागद चुरगळून टाकतो. तेच नेमके टाकायचे नाहीत! ज्या जागेवरची संख्या घालवण्यासाठी जी पट वापरली, ती पट त्याच जागेवर लिहून ठेवा आणि तिरप्या रेषेवर १ मांडा:

१  ०  ०
२  १  ०
३  ४  १

ही झाली खालची त्रिकोणी सारणी, ‘ख’. ही म्हणजे आपण केलेल्या कामाची नोंदवही आहे, दुसरे काही नाही. आणि गंमत अशी की, ख आणि व यांचा गुणाकार केला तर मूळची अ परत मिळते.

दोन सारण्यांचा गुणाकार करताना पहिलीची एक आडवी ओळ आणि दुसरीचा एक उभा स्तंभ घेतात, जोडीजोडीने गुणतात आणि बेरीज करतात. खानावळीच्या २२ किलो तांदळाची जागा तपासू. ख ची तिसरी ओळ ३, ४, १ आणि व चा तिसरा स्तंभ ४, २, २. तीन चोक बारा, चार दुणे आठ, एक दुणे दोन; बेरीज २२. बाकीच्या आठ जागा तुम्ही तपासा. माझ्या शब्दावर विश्वास ठेवू नका.

असे का होते, हेही पाहा. तिसऱ्या ओळीतून आपण ‘पहिलीची ३ पट’ काढली, मग ‘नव्या दुसरीची ४ पट’ काढली आणि ‘नवी तिसरी’ उरली. मग जुनी तिसरी ओळ म्हणजे काय? पहिलीची ३ पट, अधिक नव्या दुसरीची ४ पट, अधिक नवी तिसरी. काढलेले परत घातले, एवढेच. ख मधली ३, ४, १ ही ओळ तेच सांगते. जशी १५ ही संख्या ३ × ५ अशी फोडता येते, तशी सारणी अ ही ख × व अशी फोडली गेली. जगभर या फोडीला ‘एल-यू’ म्हणतात. खालच्या आणि वरच्या या अर्थाच्या इंग्रजी शब्दांची ती आद्याक्षरे आहेत.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे वळू. नवी बिले ३५७, ९२० आणि १९९१. डावी बाजू आधीच फोडलेली असल्यामुळे तिला हातही लावायचा नाही. आधी ख घेऊन वरून खाली या. पहिली संख्या ३५७ तशीच राहील. दुसरी: ९२० − २ × ३५७ = २०६. तिसरी: १९९१ − ३ × ३५७ − ४ × २०६ = १९९१ − १०७१ − ८२४ = ९६. मग व घेऊन खालून वर चढा. २त = ९६, म्हणून त = ४८. श = २०६ − ९६ = ११०. ग = ३५७ − ११० − १९२ = ५५. गूळ पाच रुपयांनी चढला, शेंगदाणे दहा रुपयांनी उतरले आणि तांदूळ तीन रुपयांनी चढला.

तिसऱ्या बाजारची बिले तुमच्यासाठी ठेवतो: ३६७, ९४९ आणि २०६१. गुणक तेच. दोन मिनिटांहून अधिक वेळ लागला, तर कोठेतरी वजाबाकी चुकली आहे असे समजा.

“तीन समीकरणांत असे वाचून वाचून किती काम वाचणार?” असे कोणी म्हणेल. तीनमध्ये फारसे नाही, हे खरेच. पण समीकरणे वाढली की चित्र पालटते. सारणी फोडायला लागणारे गुणाकार अज्ञातांच्या संख्येच्या घनाच्या साधारण एकतृतीयांश असतात. फोडून झाल्यावर ख वरून उतरायला आणि व वरून चढायला मिळून जे काम पडते, ते फक्त वर्गाइतके. अज्ञात १०० असतील, तर फोडायला सुमारे ३,३३,००० गुणाकार. पुढच्या प्रत्येक उजव्या बाजूला फक्त १०,०००. अज्ञात १,००० असतील, तर फोडायला ३३ कोटींवर गुणाकार आणि पुढच्या प्रत्येक वेळी अवघे १० लाख! मोठे काम एकदाच. पुढच्या उत्तरांना प्रत्येकी त्याच्या तीनशेव्या भागापेक्षाही कमी श्रम.

(बारावीतले वाचक विचारतील, सारणीचा व्यस्त का काढू नये? काढता येतो. पण त्याला साधारण तिप्पट गुणाकार लागतात आणि पुढची बचत काही जास्त होत नाही. म्हणून हिशेबी माणसे व्यस्ताच्या वाटेला सहसा जात नाहीत.)

मी पदार्थविज्ञान शिकवतो, तेव्हा त्यातले एक उदाहरण दिल्यावाचून राहवत नाही. लोखंडाची एक सळई घ्या आणि तिचे एक टोक चुलीत धरा. उष्णता हळूहळू दुसऱ्या टोकाकडे सरकेल. कोणत्या क्षणी कोठे किती तापमान असेल? सळईचे मनाने १०० तुकडे करा. पुढच्या क्षणाचे प्रत्येक तुकड्याचे तापमान त्याच्या स्वतःच्या आत्ताच्या तापमानाशी आणि दोन शेजाऱ्यांशी बांधलेले असते. म्हणजे १०० अज्ञातांची १०० समीकरणे झाली आणि ती क्षणाक्षणाला सोडवायची! पण डावी बाजू सळईच्या गुणधर्मांवर अवलंबून असते आणि सळई काही बदलत नाही. बदलते ती उजवी बाजू, म्हणजे मागच्या क्षणाची तापमाने. सारणी एकदा फोडली की हजारो क्षणांना पुरते. शिवाय येथे प्रत्येक ओळीत तीनच संख्या असतात, बाकी शून्ये. त्यामुळे ख आणि व यांत तिरप्या रेषेलगत एकेक ओळ तेवढी भरते आणि सगळे काम घनाऐवजी अज्ञातांच्या संख्येच्याच प्रमाणात उरते. हवेच्या थरांतून उष्णता आणि बाष्प वर कसे जाते, याची गणिते हवामानशास्त्रज्ञ करतात, तीही पुष्कळदा याच साच्याची असतात.

इतका वेळ मी या रीतीचे गुणगानच केले. आता तिचा दगा सांगतो, कारण तो मी स्वतः खाल्ला आहे.

एम. एस्सी.ला असताना विद्युत्मंडलाचे एक गणित मी सोडवून नेले. उत्तरात एका शाखेतला प्रवाह शून्य आला. गुरुजींनी वही पाहिली आणि मंडलातल्या अमीटरकडे बोट दाखवले. काटा मजेत पुढे गेलेला होता! गणित त्याच जातीचे होते, असे एक सोपे करून देतो.

एक चार्जर एकूण ५ अँपिअर प्रवाह देतो. त्याला ४ व्होल्टची बॅटरी आणि २ ओहम रोधाचा दिवा समांतर जोडले आहेत. बॅटरीत प अँपिअर शिरतात आणि दिव्यातून र अँपिअर जातात. बॅटरीच्या शाखेचा रोध नाममात्र, ०.०००१ ओहम धरू. (खऱ्या बॅटरीत तो याहून पुष्कळ अधिक असतो, दगा ठळक दिसावा म्हणून इतका लहान घेतला.) दोन्ही शाखांचे विभवांतर सारखे असल्यामुळे २र = ४ + ०.०००१प. म्हणून

−०.०००१प + २र = ४
प + र = ५

उत्तर उघड आहे: र जवळजवळ २ आणि प जवळजवळ ३. आता अशी अट घाला की, प्रत्येक पायरीला पहिले तीनच अंक ठेवायचे. प घालवण्यासाठी पहिल्या समीकरणाची १०,००० पट दुसऱ्यात मिळवली. मिळाले २०,००१र = ४०,००५. तीन अंक ठेवले की २०,०००र = ४०,०००. म्हणून र = २. छान! आता वर चढा: −०.०००१प = ४ − ४ = ०, म्हणून प = ०. बॅटरीत प्रवाहच नाही! वही म्हणते शून्य आणि मीटर दाखवतो तीन.

कोठे बिघडले? दुसऱ्या समीकरणातला तो ५ पाहा. चाळीस हजारांच्या गर्दीत तो चिरडून गेला. एकूण प्रवाह ५ आहे ही माहितीच गणितातून पुसली गेली. लहानशा संख्येने भागले म्हणून गुणक प्रचंड झाला आणि प्रचंड गुणकाने शेजारचे समीकरण गिळले.

उपाय पोरखेळ वाटावा इतका सोपा आहे. समीकरणांची अदलाबदल करा! प + र = ५ वर घ्या. तिची ०.०००१ पट दुसऱ्यात मिळवा: २.०००१र = ४.०००५. तीन अंक ठेवून २र = ४, र = २ आणि प = ५ − २ = ३. काटा आणि वही यांचे पटले. दुकानदाराने चिठ्ठ्या कोणत्याही क्रमाने ठेवल्या तरी दर बदलत नाहीत. तेव्हा क्रम आपल्या सोयीचा घ्यावा. नियम असा: ज्या स्तंभातल्या संख्या घालवायच्या आहेत, त्या स्तंभात सर्वांत मोठी संख्या असलेली ओळ (चिन्हाचा विचार न करता) वर आणायची. मग कोणताही गुणक १ पेक्षा मोठा होत नाही. कोपऱ्यात चक्क ० असेल, तर भागताच येणार नाही. तेव्हा अदलाबदल सक्तीचीच. कॅल्क्युलेटर आणि संगणकही ठरावीक अंकच जपून ठेवतात, त्यामुळे हे संकट त्यांनाही आहे. ॲलन ट्युरिंग या ब्रिटिश गणितज्ञाने १९४८ साली प्रसिद्ध केलेल्या लेखात दोन गोष्टी एकत्र मांडल्या: लोपाची जुनी रीत म्हणजे सारणीची त्रिकोणी फोड होय, आणि अंक सोडून दिल्याने तिच्यात चुका कशा साठतात.

जुनी रीत म्हणजे किती जुनी? चीनच्या ‘नऊ अध्याय’ या प्राचीन ग्रंथात धान्याच्या मापांची उदाहरणे काड्या मांडून अशाच लोपाने सोडवलेली आहेत. युरोपात गाउस या जर्मन गणितज्ञाने १८१० च्या सुमारास पॅलास या लघुग्रहाच्या कक्षेसाठी ती पद्धतशीर वापरली. मात्र रीतीला धार आली ती जमीन मोजणाऱ्यांच्या हाती. आपल्याकडे विल्यम लॅम्टन याने १८०२ साली मद्रासला त्रिकोणांच्या जाळ्याने देश मोजायला सुरुवात केली आणि मोजत मोजत तो उत्तरेकडे आला. २० जानेवारी १८२३ रोजी त्याला मृत्यू आला तो आपल्या हिंगणघाटला. त्याची कबर तेथेच आहे. अशा जाळ्यात कोन मोजताना थोडी थोडी चूक राहतेच आणि एका त्रिकोणाची दुरुस्ती केली की शेजारचा बिघडतो. सगळ्यांची दुरुस्ती एकदम करायची, तर पुष्कळ समीकरणे एकत्र सोडवावी लागतात. ती सोडवणारी माणसे हाताने आकडेमोड करत. त्यांना गणक म्हणत. संगणक हा शब्द नंतरचा.

या गणकांना वेळ आणि कागद दोन्ही वाचवायचे होते. अमेरिकेच्या किनारा सर्वेक्षणातला डूलिटल याने १८७८ साली आपली आटोपशीर मांडणी सांगितली. फ्रान्सच्या सैन्यातला शोलेस्की हा तोफखान्याचा अधिकारी. सर्वेक्षणाच्या समीकरणांत सारणी तिरप्या रेषेच्या दोन्ही बाजूंना सारखी असते हे हेरून त्याने ख आणि व ही एकमेकींची प्रतिबिंबे होतील अशी फोड केली. एकच काढायची, काम निम्मे! पहिल्या महायुद्धात ३१ ऑगस्ट १९१८ रोजी तो मरण पावला. रीत छापून आली १९२४ साली, तीही त्याच्या एका सहकारी अधिकाऱ्याने लिहिली म्हणून.

आता पुण्याला चला. टाटांच्या ‘कॉम्प्युटेशनल रिसर्च लॅबोरेटरीज’ या संस्थेने तेथे ‘एका’ नावाचा महासंगणक उभारला. नोव्हेंबर २००७ मध्ये जगातल्या सर्वांत वेगवान ५०० संगणकांच्या यादीत तो चौथा आला; आशियात तर पहिला. पुढे जून २०२३ च्या यादीत पुण्याच्याच सी-डॅकचा ‘ऐरावत’ पंचाहत्तरावा होता. ही यादी १९९३ पासून दर वर्षी जून आणि नोव्हेंबरमध्ये निघते. पण संगणकांना क्रमांक कोणत्या परीक्षेवरून देतात, ठाऊक आहे? प्रश्नपत्रिकेत एकच प्रश्न असतो: मनमानी संख्यांनी भरलेली एक प्रचंड सारणी घ्या, ती खालच्या आणि वरच्या त्रिकोणी सारण्यांत फोडा, आणि समीकरणे सोडवा. ओळींची अदलाबदलसुद्धा आपण केली तशीच करायची. आपले किराणा दुकानातले गणित, पण अज्ञात लाखोंनी!

‘एका’ने त्या परीक्षेत सेकंदाला ११७.९ लाख कोटी क्रियांचा वेग दाखवला. समजा, सारणीत दहा लाख अज्ञात आहेत. गुणाकार आणि वजाबाक्या मिळून सुमारे ६,६७,००० लाख कोटी क्रिया होतात. म्हणजे त्या वेगाने सुमारे ९४ मिनिटे. हेच काम एखादा गणक सेकंदाला एक क्रिया या वेगाने, न जेवता न झोपता करू लागला, तर त्याला २,१०० कोटी वर्षे लागतील. विश्वाचे वय सुमारे १,३८० कोटी वर्षे आहे!

अर्थात एकाच प्रश्नावरून हुशारी ठरवणे मला स्वतःला फारसे पटत नाही. खऱ्या कामात सारण्या बहुतेक शून्यांनी भरलेल्या असतात, आपल्या सळईसारख्या, आणि तेथे हेच संगणक या परीक्षेतल्या वेगाच्या जवळपासही पोचत नाहीत. म्हणून तशा सारण्यांची एक वेगळी परीक्षाही अलीकडे घेतली जाते. पण जुन्या परीक्षेतली एक गोष्ट मात्र मला मनापासून आवडते. उत्तर आले म्हणून तेथे कोणी टाळ्या वाजवत नाही. आलेल्या किमती मूळच्या समीकरणांत घालून पाहतात, डावी आणि उजवी बाजू जुळतात का ते मोजतात, आणि फरक ठरलेल्या मर्यादेत असला तरच वेग मान्य होतो. माझ्या त्या वहीत मी प = ० हे उत्तर प + र = ५ मध्ये एकदा जरी घालून पाहिले असते, तरी अमीटरकडे बोट दाखवण्याची वेळ गुरुजींवर आली नसती.